थोट्या मारोतीचा भक्त

आमचे ड्रॉइंगमास्तर लग्नाच्या पंगतीला आले की यजमान धास्तावायचा. पान आटोपल्यावर यजमान हात जोडून विचारणार, "मास्तर, जेवण कसं झालं?" चारचौघं अशा वेळी ढेकर देऊन मोकळे होतात. हे हात धुऊन, पंचाला पुसून, शांतपणे सांगायचे, "वरण खारट होतं, जिलबी कालची होती, वांग्याची भाजी मात्र फार उत्तम." यजमान फणफणला तर यांना खरोखर नवल वाटायचं. अहो, विचारलंत म्हणून सांगितलं, असा चेहरा करून ते पान खायला निघून जायचे.

मी त्यांच्या शाळेत गणित शिकवायचो. मध्यप्रांत-वऱ्हाड म्हणत त्या वेळची गोष्ट. अकोल्यात हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग शाळेच्या फाटकापर्यंत यायची आणि कापूस उडून पोरांच्या दौतीत पडायचा. मास्तर माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठे. मूळचे अमरावतीचे, पण चित्रकला शिकायला चार वर्षं मुंबईला राहिलेले, त्यामुळे बोलणं अगदी छापील. चिडले की मात्र मुंबई गळून पडायची आणि आतून अस्सल अमरावती बाहेर यायची. "काय करून राहिला बे!" असा आवाज त्यांच्या वर्गातून आला की आम्ही समजायचो, कुणीतरी पट्टी लावून रेघ मारली. पट्टीला त्यांच्या वर्गात बंदी होती.

एकदा इन्स्पेक्टरसाहेब तपासणीला आले. हेडमास्तरांनी आदल्या दिवशीच ड्रॉइंगच्या वर्गात भिंतभर सुरेख चित्रं लावून घेतली होती. साहेब खूश. "ही मुलांनी काढली?" हेडमास्तर हो म्हणायला तोंड उघडतात तोच मास्तर म्हणाले, "नाही साहेब, ही मी काढली. मुलांची त्या कोपऱ्यात आहेत. वाईट आहेत. पण मी त्या वयात याहून वाईट काढत होतो." हेडमास्तरांचं तोंड पाहण्यासारखं झालं. साहेब मात्र कोपऱ्याकडे गेले आणि तिथंच बराच वेळ रमले. मास्तरांची बढती त्या वर्षी अडली ती पुढं कधी सुटलीच नाही. त्याबद्दल त्यांनी कुणाला बोल लावल्याचं मला आठवत नाही.

कोटाच्या खिशात त्यांच्या एक सुतळी असायची, बोटाबोटावर गाठी मारलेली. चालता चालता थांबून ते वाटेल ते मोजायचे. विहिरीचा काठ, बैलाची शिंगं, आमच्या शिपायाचा फेटा. कुणी काही सांगितलं की यांचा पहिला प्रश्न, "मोजलं का?" मी एकदा कपाळाला हात लावून म्हटलं, "मास्तर, घरी बायको फार रागावली आहे." तर म्हणे, "किती?" आता या माणसाला काय सांगावं! दगडाच्या बाबतीत मात्र ते सुतळी नंतर काढायचे. आधी डोळे मिटून डावा हात दगडावरून फिरवायचे. का, तर म्हणे उजव्या हाताला शाळेनं बिघडवलं आहे, डावा अजून अडाणी आहे, तो लागेल तेवढंच सांगतो.

माझं गाव मूर्तिजापूरपासून दोन कोस. आम्ही माळी. बापाचा विहिरीखाली मळा होता. वांगी, मिरच्या, कडेनं झेंडू आणि शेवंती. शनिवारी शाळा अर्धी असायची. दुपारच्या गाडीनं मी मूर्तिजापूरला उतरायचो आणि पायी घरी जायचो. मास्तरांना माझ्या डब्यातल्या वांग्यांनी भुरळ घातली. "ही वांगी जिथली, तिथं मला एकदा न्या," म्हणाले, आणि एका शनिवारी आले. आईनं तुराट्यांच्या जाळावर भाजून भरीत केलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर केली. मास्तर चार भाकरी जेवले आणि म्हणाले, "मीठ अर्धी चिमूट जास्त. बाकी असं मी जन्मात खाल्लं नाही." आईला ते बोलणं इतकं आवडलं की पुढं ती त्यांना जेवायच्या आधीच मिठाचं विचारायला लागली.

आले होते वांग्यांसाठी आणि अडकले दगडात. आमच्या गावाच्या उगवतीला महादेवाचं जुनं देऊळ आहे, चुन्याशिवाय दगडावर दगड बसवलेलं, हेमाडपंती म्हणतात तसं. त्याच्या आवारात, दारासमोर, तीन पायऱ्यांचा चौरस ओटा. ओट्याच्या मध्ये खोबण पाडलेला एक दगड आणि त्या खोबणीत रोवलेलं कमरेएवढ्या उंचीचं काहीतरी. काहीतरीच म्हणायचं, कारण पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेंदरानं त्याचा पार लालभडक रांजण झाला होता. हात नाहीत, शेपूट नाही, तोंड नाही. कुणीतरी नवस फेडायला चांदीचे दोन डोळे चिकटवले होते तेवढेच. गाव त्याला थोटा मारोती म्हणायचं. शनिवारी नारळ आणि तेल, गावच्या लग्नाचं पहिलं आवतण त्याला.

मास्तर त्याच्याभोवती तीनदा फिरले. देवळात आलेल्या बायांना वाटलं, पाहुणा प्रदक्षिणा घालतो आहे. मग त्यांनी डोळे मिटून डावा हात लावला आणि इतका वेळ उभे राहिले की मलाच लाज वाटायला लागली. परत येताना म्हणाले, "गणितमास्तर, तो मारुती नाही. खांब आहे. वरचा भाग मोडला आहे आणि बुडखा राहिला आहे. देवापुढं दिवे लावायचा खांब असावा, देवगिरीच्या यादवांच्या वेळचा. आणि उगवतीच्या अंगाला अक्षरं आहेत."

"शेंदरातून दिसली तुम्हाला?"

"दिसली नाहीत. एके ठिकाणी थर पातळ आहे, तिथं बोटाला खाच लागते."

मी म्हटलं, "मास्तर, माझ्याशी बोललात ते बोललात. गावात कुणापाशी बोलू नका." हे मी कुणाला सांगत होतो, देव जाणे.

पुढच्या शनिवारी हे पुन्हा माझ्याबरोबर. हातात गमछ्याची गुंडाळी. ओट्याच्या पायरीवर चंद्राबाई गुरवीण बसली होती. थोट्या मारोतीची सेवा तिच्याकडे. चाळिशीची, विधवा, काटकीसारखी बाई. तिनं गुंडाळीकडे पाहिलं. "मास्तर, गमछ्यात काय हाय?"

"छिन्नी."

"काहून आनली?"

"शेंदूर खरवडून खाली काय आहे ते पाहायचं आहे."

 दुसरं कुणी असतं तर बोंब ठोकून गाव गोळा केलं असतं आणि आम्हा दोघांना मूर्तिजापूरपर्यंत पळावं लागलं असतं. चंद्राबाई नुसती हसली. "वस्त्र देव आपल्या हातानं उतरवते, बापा. कवच जड झालं का आपसूक गळते. माह्या आजेसासूच्या वक्ती गळलं होतं म्हनतेत. आपुन ओढाचं नाही."

मास्तरांनी थोडा विचार केला आणि छिन्नी पुन्हा गुंडाळली. "बरोबर आहे तुमचं. मी ओढणार नाही." मग पायरीवर तिच्यापासून चार हात अंतरावर बसले. "जड झालं की गळतं म्हणालात. किती जड?"

"आता ग माय! मी काय तोलून पायलं?"

परतीच्या गाडीत मास्तर सुतळीच्या गाठी चाळत बसले. मूर्तिजापूर गेलं, बोरगाव गेलं, अकोला आलं तेव्हा एकदम म्हणाले, "जवस."

त्याचं असं होतं. गाव शेंदूर कालवायचं तिळाच्या तेलात. तिळाचं तेल ओलं राहतं, मुरतं, थर नुसता चिकटून बसतो. जवसाचं तेल मात्र वाळतं आणि कडक साल धरतं. चित्रकाराला हे ठाऊक असतं, रंग त्याच तेलात कालवायचे असतात. मास्तरांचा हिशेब सरळ होता. दर शनिवारी जवसाच्या तेलातल्या शेंदराचा जाड थर द्यायचा. साल सालीवर चढेल, आक्रसेल, जड होईल आणि एक दिवस सगळं कवच आपल्या आपण गळेल. कुणी ओढायला नको आणि वचन मोडायला नको. मी हे हसण्यावारी नेलं. पण पुढच्या शनिवारी हे अकोल्याच्या जठारपेठेतल्या तेल्याकडून भरलेला डबा घेऊन स्टेशनावर उभे होते. त्यानंतर नऊ वर्षं शनिवार चुकला नाही म्हटलं तरी चालेल. चुकले ते एकदाच, ओळीनं चार, ते पुढं सांगतो.

उन्हाळ्यात अकोल्याचं ऊन तुम्हाला माहीत आहे. डोक्याला ओला पंचा बांधून, हातात तेलाचा डबा घेऊन हे दोन कोस चालायचे. पोचले की आधी देवळात, मग माझ्या घरी पाणी. थर देताना बाही वर सारून असे रंगून जायचे की वाटावं, समोर भिंतीएवढं चित्र आहे. गावाला काय दिसत होतं? अकोल्याचा शिकलेला मास्तर, ना गावचा ना भावकीचा, आमच्या मारोतीसाठी ऊन-पाऊस पाहत नाही. दोन वर्षांत त्यांची ख्याती पंचक्रोशीत झाली. बाया लेकरं आणून त्यांच्या पायावर घालायला लागल्या. हे घाबरून मागं सरायचे आणि अगदी खरं ते सांगायचे, "अहो बाई, मी भक्त नाही. मला खालचा खांब पाहायचा आहे. हे कवच लवकर गळावं म्हणून मी तेल घालतो."

बाया एकमेकींकडे पाहायच्या. "आयकलं वं? खरा भक्त असाच बोलते. मी भक्त हाव असं सांगते थो भोंदू."

मास्तर माझ्याकडे असहायपणे पाहायचे. मी तोंड फिरवून हसायचो. जगात खरं बोलून कुणाबद्दल इतका गैरसमज झाला नसेल!

पाचव्या वर्षी एका शनिवारी मळ्यातून देवळात गेलो तर मास्तर थर न देता नुसतेच पायरीवर बसलेले. चंद्राबाई वात वळत होती. तिनं मला पाहिलं तरी बोलणं थांबवलं नाही.

"तुमी ह्याले खांब म्हनता, म्हना. माहं काही म्हननं नाही. पन मालक गेले तवा पंचाइनं वाटनी केली. म्हादेव दिराले देला अन् थोटा मारोती मले. मले लेकरू नाही, वावर नाही. शनवारचा नारळ, पसाभर जवारी, वंजळभर दाळ, त्यावर माही चूल पेटते. कवच गळल्यावर पंचाइनं तुमाले इचारलं, का मास्तर, आत काय हाय, त तुमी काय सांगसान?"

"खांब आहे, असं सांगेन."

"मंग मी काय खाऊ?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. वाट विचारावी तसं विचारलं तिनं.  त्या दिवशी मास्तर भरीतही जेवले नाहीत. आईला वाटलं मिठाचं काही चुकलं, ती कितीतरी दिवस हळहळत होती. पुढचे चार शनिवार ते आले नाहीत. गावात कुजबुज सुरू झाली की मास्तर देवावर रुसले. पाचव्या शनिवारी स्टेशनावर पाहतो तर हे उभे, आणि हातात एकाऐवजी दोन डबे.

"हा जवसाचा, थरासाठी. हा तिळाचा, तिच्या दिव्यासाठी आणि तिच्या चुलीसाठी."

मी म्हटलं, "थर देणं सोडून का देत नाही? कवच गळायलाच नको."

ते गाडीत बसले, पंचानं तोंड पुसलं. "मला पाहायचं आहे हो. लपवून काय करू? तिचं ऐकलं तेव्हापासून झोप लागत नाही, तरीही पाहायचं आहे. फार पाहायचं आहे." माणूस स्वतःबद्दल इतकं उघडं बोलतो तेव्हा समोरच्यानं काय करायचं? मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

नवव्या वर्षी चैत्रात कवचाला तडा गेला. चांदीच्या एका डोळ्यापासून खालपर्यंत. आता महिना-पंधरा दिवसांचा प्रश्न होता. आणि मग चंद्राबाईचा दीर, किसन गुरव, मधल्या सुट्टीत आमच्या शाळेत हजर झाला. डोईला नवं पागोटं, बोलण्यात साखर. "मास्तर, तुमी खोटं बोलत नाही, सारं अकोलं सांगते. पंचाइसमोर फकत येवढंच सांगा, का थो खांब हाय. मी काही तुमाले खोटं बोलाले सांगून राहिलो नाही."

मास्तर म्हणाले, "विचारलं तर सांगेन."

तो गेल्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा मास्तरांवर ओरडलो. "अहो, त्याला आवार हवं आहे! त्या बाईला हाकलून द्यायची आहे! तुम्ही आजारी पडा. ताप आला म्हणून सांगा."

"मला ताप नाही."

"मग गावात येऊ नका त्या दिवशी!"

"नऊ वर्षं वाट पाहिली आहे, गणितमास्तर."

"तुमचं खरं तुमच्यापाशी ठेवा आणि चाटत बसा," असं मी बोलून गेलो.  आठ दिवस आम्ही एका खोलीत शेजारी बसून वह्या तपासल्या आणि एकमेकांशी बोललो नाही.

शुक्रवारी भर दुपारी कवच गळलं. कुणी जवळ नव्हतं. मडकं फुटावं असा आवाज झाला म्हणे. चंद्राबाईनं धावत जाऊन कोरं लुगडं टाकून ओटा झाकला. गावाची रीत अशी की कवच वाजतगाजत नदीच्या डोहात सोडायचं, उघड्या झालेल्या दगडाला न्हाऊ घालायचं आणि सूर्य डोक्यावर यायच्या आत नव्या शेंदराचा पहिला हात लावायचा. ते सगळं रविवारी सकाळी ठरलं. शनिवारी सकाळी निरोप आला आणि दुपारच्या गाडीनं आम्ही दोघं गेलो. मास्तरांनी बरोबर जाड कागद आणि एक ब्रश घेतला होता. ओला कागद अक्षरांवर बसवायचा, ब्रशानं ठोकून खाचांत घालायचा, वाळला की अख्खी अक्षरं कागदावर उठून येतात. वाळायला दोन तास लागतात. ते कागद नऊ वर्षं त्यांच्या पेटीत तयार होते, हे मला त्या दिवशी कळलं.

रविवारी सारं गाव आवारात. डोहावरून वाजंत्री परत आली, दुधापाण्याच्या घागरी ओतल्या आणि चंद्राबाईनं लुगडं ओढलं. आत काळाभोर, तुळतुळीत, चौकोनी खांब होता. वरच्या बाजूला दिवे ठेवायच्या कोनाड्यांची एक ओळ, अर्धी मोडलेली. आणि उगवतीच्या अंगाला, जसं मास्तर पहिल्या दिवशी म्हणाले होते तसंच, चार ओळी अक्षरं. खणखणीत, जणू पाथरवट काल घरी गेला. नऊ वर्षांपूर्वी डोळे मिटून, शेंदरावरून बोट फिरवून या माणसानं हे ओळखलं होतं.  मास्तर गुडघ्यावर बसले. त्यांचे ओठ हलत होते. शेवटच्या ओळीला आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

किसन गुरव पुढं झाला. "पाटीलबुवा, इचारा मास्तराले. काय हाय हे?"

म्हातारे पाटील पायरीवर बसून तंबाखू मळत होते. "सांगा मास्तर."

मास्तर उठले. चंद्राबाई शेंदराची वाटी घेऊन उभी होती, तिच्याकडे त्यांनी पाहिलं, मग पाटलांकडे. "खांब आहे. देवापुढं दिवे लावायचा खांब."

"झालं!" किसन म्हणाला. "मंग खांबाची पूजा कायची? आवार म्हादेवाचं, म्हादेव माह्याकडं. थो वटा मोकळा करा." चंद्राबाई वाटी मांडीवर घेऊन पायरीवर बसली. त्या क्षणी मला मास्तरांचा जेवढा राग आला, तेवढा मला माझ्या वैऱ्याचाही आला नसेल.

पाटलांनी तंबाखू तोंडात टाकली. "किसन्या, खांब हाय हे तुले आज समजलं? माह्या बापाले ठाव होतं. म्हादेवाच्या दारासमोर मारोती कोन बसवते बे? तिथं दिव्याचाच खांब रायते." दोन-चार म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. मी गार झालो. गावाला हे ठाऊक आहे, हे ना मला माहीत होतं ना मास्तरांना, आणि ज्यांना ते पटेल म्हणून मी नऊ वर्षं भीत होतो त्यांना ते आधीपासून ठाऊक होतं!

"पन मास्तर," पाटील म्हणाले, "मले एक सांगा. कवच कोन टाकते? खांब टाकते का देव टाकते?"

"तेलानं गळलं. जवसाच्या तेलाची साल धरते. मी ती जड केली, म्हणून गळली."

"म्हंजे तुमी नऊ वर्सं, दर शनवारी, अकोल्याहून येऊन तेल घातलं. उन्हातान्हात, उपाशीपोटी—"

"उपाशी नाही. यांच्याकडे भरीत खात होतो."

लोक हसले. पाटीलही हसले. "बरं, भरीत खाऊन. कोनी सांगतलं होतं?"

"नाही."

"काही मागतलं देवाले? पोरगं? बढती?"

"नाही."

"मंग भक्ती म्हंजे अजून काय असते, थे तरी सांगा आमाले."

 विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देता उभे राहिलेले मास्तर मी पहिल्यांदा पाहिले.

पाटील उठले. "खांब त खांब. असा मानूस ज्याले नऊ वर्सं तेल घालते, थो आमचा मारोती. वटा चंद्राबाईचा. फकत पयला हात मास्तराचा लागला पायजे. मास्तर म्हनतीन का नाही लावत, त मंग किसन्याचं खरं." आणि त्यांनी वर सूर्याकडे पाहिलं.

"दोन तास द्या मला," मास्तर म्हणाले.  "कागद लावतो, वाळला की काढून घेतो. मग लावतो."

"दोन तासांत दुपार टळते, मास्तर."

"पाहा!" किसन ओरडला. "मास्तरालेच लावाचा नाही! शिकलेला मानूस खांबाले शेंदूर लावीन काय?" गर्दीत चुळबुळ झाली. एक-दोघं त्याच्या बाजूनं बोलायलाही लागले.

चंद्राबाई उठून मास्तरांसमोर आली आणि वाटी पुढं केली. "तुमची मर्जी, मास्तर," एवढंच म्हणाली. मास्तरांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं. मग मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "हे खोटं होईल का हो?"

मी म्हटलं, "मला नाही वाटत."

"मलाही नाही वाटत." त्यांनी कागद माझ्या हातात दिले आणि बाही वर सारली. उगवतीच्या अंगानंच सुरुवात करायची रीत होती. पहिली ओळ, दुसरी, तिसरी, चौथी. घाई केली नाही. एकेका अक्षराच्या खाचेत शेंदूर नीट बसवत, एकही कोपरा न सोडता, त्यांनी सगळी अक्षरं बुजवली. लोकांनी जयजयकार केला. चंद्राबाई त्यांच्या पाया पडली तेव्हा ते या वेळी मागं सरले नाहीत.

संध्याकाळी मूर्तिजापूरच्या फलाटावर आम्ही गाडीची वाट पाहत बसलो. त्यांचे हात कोपरापर्यंत लाल होते. मी आधी त्यांची माफी मागितली. मग विचारलं, "मास्तर, वाईट वाटलं?"

"हो," ते म्हणाले. "फार वाईट वाटलं."

"वाचता आलं का?"

"सगळं आलं. चारही ओळी पाठ आहेत."

"काय लिहिलंय?"

"आता नाही सांगणार. तुम्ही चांगले आहात, पण तुम्ही लिहाल. लिहिलंत की कुणी साहेब वाचेल. साहेब आला की शेंदूर खरवडला जाईल आणि खांब सरकारी गाडीतून नागपूरच्या संग्रहालयात जाईल. मग ती बाई काय खाईल? ती आहे तोवर नाही. ती गेली की विचारा, विचारलंत तर सांगेन."

विचारलं तर सांगेन, हे मास्तरांचं बोलणं म्हणजे कागदावरचा करार.  त्यानंतरही ते दर शनिवारी येत राहिले, आता निव्वळ तिळाचं तेल घेऊन. अंथरुणाला खिळले तेव्हा मी रोज संध्याकाळी जठारपेठेत त्यांच्या खोलीवर जायचो. एके दिवशी मला राहवलं नाही. म्हटलं, "मास्तर, त्या चार ओळी."

त्यांनी डोळे उघडले. "चंद्राबाई कशी आहे?"

"बरी आहे."

"छान," ते म्हणाले आणि माझा हात धरून हसले.

चंद्राबाई त्यांच्यामागं बारा वर्षं जगली.